सात नंबरची बाटली

वन्संच्या हातात माप आहे, असं आमच्या घरी जेवून गेलेला प्रत्येक जण म्हणतो. चार पेले ओळीने मांडा आणि त्यांना दूध ओतायला सांगा. चारही पेल्यांत दूध एकाच रेषेवर थांबेल. चुकून एकात कमी पडलंच, तर शेजारच्यातून थोडं त्यात घालतात, मान तिरकी करून डोळा रेषेवर आणतात आणि मगच पेल्यांना कुणाचा हात लागू देतात. एकदा ह्यांचे एक मित्र आले होते, त्यांची साखर बंद होती. मी त्यांचा चहा वेगळा केला, कपात जरा कमीच भरला. बशा आणायला वळले तेवढ्यात वन्संनी माझ्या कपातला गोड चहा त्यांच्या कपात घालून सगळं सारखं करून ठेवलं. ते गृहस्थ म्हणाले, "वहिनी, बिनसाखरेचा इतका छान चहा मी आजवर प्यालो नाही." आणि अजून एक कप मागून घेतला.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे रामायण झालं ते ह्या हातानेच केलं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "वेळ झाली नाही" इतकंच सांगतात, जणू परवाच करणार होत्या आणि नेमकं बाजारात जावं लागलं. एका संशोधन संस्थेत त्या एकतीस वर्षं बाटल्या धुताहेत. माझ्या पातेल्याला दूध करपलेलं असतं आणि त्यांच्या बाटलीत जंतू वाढलेले असतात, फरक इतकाच. त्यांच्या खोलीत एक लांबलचक मोरी आहे, भिंतीवर लहानमोठे सात ब्रश टांगलेले आहेत आणि कोपऱ्यात वाफेचा एक भलामोठा डबा आहे, आपल्या कुकरचा थोरला भाऊ शोभेल असा. त्यातून बाटल्या तावून काढतात. जंतूंना खायला लागतं ते पिवळसर सूपही वन्संच शिजवतात. ते नुसतं असलं की काचेसारखं निवळ असतं. जंतू घालून वाढवले की ताकासारखं गढूळ होतं. एकतीस वर्षांत वन्संनी ह्यात कधी गफलत केली नाही. गढूळ म्हणजे काम चालू आहे, निवळ म्हणजे अजून काही घातलेलं नाही. झालं त्यांचं शास्त्र.

स्वभावाने वन्सं अबोल. पण अबोल म्हणजे मनात काही नाही असं नव्हे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सहा वर्षं त्यांनी माझ्या कशालाही नाव ठेवलं नाही. मी देवाचे आभार मानत होते. सातव्या वर्षी एका मंगळवारी, दारात छत्री झटकता झटकता, सगळं एकदम बाहेर पडलं: माझा चहा, पडद्यांचा रंग, माझं घोरणं आणि लग्नात मी घातलेल्या चपला. पंचवीस मिनिटं. मग आत जाऊन जेवल्या आणि पुन्हा पहिल्यासारख्या गप्प. मी घोरत नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

हे म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ. चेहरा हुबेहूब बहिणीचा, तेच नाक, तीच हनुवटी. फक्त नाकाखाली दोन बाजूंना दोन झुपके मिशा. त्याच संस्थेत लिफ्ट चालवतात. पंचावन्न वर्षांचे झाले तरी वन्सं त्यांना बारक्या म्हणतात. ह्यांचा आवडता शब्द "आत्ता नको". गळका नळ असो, पाहुण्यांना पत्र असो, कशालाही "आत्ता नको, बघू". वन्संच्या तोंडाशी एखादी गोष्ट आली की हे कुठूनसे येऊन मध्ये बसतात आणि म्हणतात, "ताई, आत्ता नको." निम्मी भांडणं अशीच जिरली आहेत.

तर वन्संच्या धुण्याच्या खोलीशेजारी एक संशोधक मुलगी काम करायला आली. लांब वेणी, खांद्याला झोळी आणि चेहऱ्यावर कायम काहीतरी विसरल्याचा भाव. पहिल्याच आठवड्यात ती एका बाटलीत जंतू घालायला विसरली. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. त्यांनी सगळ्यांसमोर तिला झापलं. पोर मोरीवर येऊन नाक शिंकरत रडली. वन्संनी तिला स्वच्छ टॉवेल दिला. घरी येऊन मला म्हणाल्या, "पोर हुशार आहे गं, पण डोकं थाऱ्यावर नाही. तिच्याकडे बघायला हवं."

"ती काय काम करते?" मी विचारलं.

"होलिन की काय ते."

मला ऐकू आलं, हो लीन. म्हटलं, आजकालच्या मुलींमध्ये इतकी भक्ती आहे तर. देवाचरणी लीन हो, असं नाव असलेलं काम करते, म्हणजे संस्कार चांगले असणार. मी रोज वहीत दिवसभराचं लिहिते आणि शेवटी एक प्रार्थना लिहिते. त्या दिवशी लिहिलं: देवा, त्या लीन मुलीला स्मरणशक्ती दे.

पुढचे तीन महिने मंगळवारी आणि शुक्रवारी हाच पाठ. संध्याकाळी मी भाजी निवडत बसायची, वन्सं पाय पसरून टाचांना तेल लावायच्या आणि सांगायच्या, "आज परत विसरली. एक, सात आणि बावीस. तिन्ही बाटल्यांत नुसतं सूप."

"मग?"

"मग काय? मी आहे ना. साडेसातला पोचते. मोठ्या बाई नऊला येतात. ओतून टाकलं, बाटल्या गरम पाण्याने स्वच्छ केल्या आणि शेजारच्या गढूळ बाटल्यांतून थोडंथोडं घालून सगळ्या सारख्या केल्या. कुणाला पत्ता नाही."

"तिला सांगितलंत?"

"कशाला? अजून रडेल."

एकदा त्या जरा काळजीत दिसल्या. म्हणाल्या, "त्या तीन बाटल्यांतलं सूप तार धरतंय गं. बोटाला चिकट लागलं. माझ्याकडून जास्त शिजतंय बहुतेक." मी म्हटलं, आच कमी ठेवा. तेही वहीत आहे. वन्संच्या ह्या परोपकाराचं मला इतकं कौतुक वाटायचं की प्रत्येक वेळी मी ते आकडे लिहून ठेवायची आणि खाली प्रार्थना: देवा, मुलीचं विसरणं थांबव. सव्वीस वेळा देवाला हेच सांगितलं. देव ऐकत का नव्हता हे मला नंतर कळलं. तो तरी काय करणार? मुलगी विसरतच नव्हती.

मग एका शनिवारी वन्सं म्हणाल्या, "तिला उद्या जेवायला बोलावलंय. तिचं काम बंद करताहेत. तिच्या बाटल्या ठेवायचं मशीन काल दुसऱ्याला देऊन टाकलं. गुरुवारी दोन बाहेरचे परीक्षक येऊन कागदावर सही करणार, की ही मुलगी पदवीला लायक नाही. मग ती जाणार घरी."

रविवारी मुलगी आली. मला काकू म्हणाली, वन्संना मावशी म्हणते. सुपाचा वाडगा समोर ठेवला तर त्याकडे बघून तिचे डोळे भरले. मी विषय बदलायला म्हटलं, "तुमच्या कामाचं नाव फार गोड आहे हो. हो लीन."

ती तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली, असं वन्सं म्हणतात. "काकू, होलिन. एकच शब्द. ते एक प्रथिन असतं, एवढंसं. तुमच्याकडे एक कापडी पिशवी आहे का? आणि एक प्लॅस्टिकची? आणि वाटीभर मटार?"

मला वाटलं, ही आता स्वयंपाक करणार. तिने मटार आणि माझी छोटी कात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंड बांधलं आणि ती पिशवी कापडी पिशवीत घालून तिचंही तोंड बांधलं.

"हा समजा एक जंतू," ती म्हणाली. "बाहेरचं कापड म्हणजे त्याची भिंत. आतलं प्लॅस्टिक म्हणजे त्याचं पातळ अस्तर. ह्या जंतूलाही रोग होतो, त्याचा स्वतःचा विषाणू असतो. विषाणू आत शिरतो आणि स्वतःची पिलावळ तयार करतो. ते हे मटार, आणि भिंत कापायला त्याने केलेली ही कात्री. आता पिलावळीला बाहेर पडायचंय. कात्री कापड कापू शकते, पण प्लॅस्टिक कापू शकत नाही असं समजा. मग ती कापडापर्यंत पोचणार कशी?"

"गाठ सोडून," हे म्हणाले.

"गाठ नसते, काका. तिथे होलिन लागतं. ती इवलीशी प्रथिनं अस्तरात एकेक करून येऊन बसतात. एकही काही करत नाही, गप्प बसून असतात. जंतूला पत्ताच नसतो, तो आपला खातोय, पितोय. आणि ठरलेलं मिनिट आलं की सगळी मिळून एकदम अस्तराला भोकं पाडतात. कात्री बाहेर, भिंत फाटली, खेळ खलास."

तिने कापडावरूनच आतल्या प्लॅस्टिकला बोटांनी भोकं पाडून कात्री बाहेर काढून दाखवायला घेतली आणि कापड मात्र खरोखरच कापलं. मटार टेबलावरून कपाटाखाली पळाले. पिशवी माझी चांगली होती. वन्संकडे बघितलं. गप्प बसायचं, बसायचं आणि एके दिवशी छत्री झटकता झटकता सगळं बाहेर काढायचं, हे मी कुठेतरी बघितलं होतं.

"ह्यांचं घराणं फार मोठं," मुलगी कपाटाखाली हात घालत म्हणाली. "वेगवेगळ्या विषाणूंची वेगवेगळी होलिनं. एकमेकांशी चेहरा जुळत नाही, नातं नाही, फक्त सगळ्यांचा धंदा एक. आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी घरातच एक अडवणारा असतो. माझ्या होलिनमध्ये एकशे पाच मणी आहेत, माळेसारखे. अडवणाऱ्यात तेच एकशे पाच आणि पुढे दोन जास्त. बाकी हुबेहूब तोच. तो त्यांच्यात जाऊन बसतो आणि म्हणतो, आत्ता नको."

वन्संनी हळूच मान वळवून ह्यांच्या मिशांकडे बघितलं. मीही बघितलं. ह्यांनी सूप ओरपणं थांबवलं आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, जेव," वन्सं म्हणाल्या.

"मग तो कायमचाच अडवतो का?" मी विचारलं.

"नाही ना. अस्तराला पहिलं भोक पडलं आणि तिथला ताण उतरला, की तोही त्यांच्यातच सामील होतो. उरलेली भोकं पाडायला मदत करतो."

मग तिने तिचं दुःख सांगितलं. एकेक मणी बदलून तिने होलिनचे तीस प्रकार केले होते, प्रत्येकाची एक बाटली. कोणता प्रकार भोक पाडतो, कोणता लवकर, कोणता उशिरा, हे बघायचं होतं. जंतूंच्या पोटात विषाणू झोपलेला असतो, त्याला ऊब दिली की जागा होतो. मशीन पहाटे सहाला आपोआप ऊब द्यायचं. संशोधकांना नऊच्या आधी इमारतीत सोडत नाहीत. ही नऊला येऊन बघायची, तर तीसही बाटल्या गढूळ.

"एक नंबर तर मी काहीच न बदललेला, अस्सल होलिन," ती म्हणाली. "तो चालायलाच हवा होता. तोही नाही. मी सूप बदललं, पाणी बदललं, मशीन दुरुस्त करून घेतलं. सव्वीस वेळा."

"पण बाई," वन्संनी विचारलं, आणि त्यांचा चमचा हवेतच होता, "चाललं असतं तर दिसलं काय असतं?"

"सोपं आहे, मावशी. सगळे जंतू फुटले की गढूळपणा जातो. सूप एकदम निवळ होतं. जरासं तार धरतं, बस. निवळ म्हणजे जमलं."

वन्संनी चमचा खाली ठेवला. मी वन्संकडे बघितलं आणि वन्संनी माझ्याकडे. आम्हा दोघींशिवाय त्या खोलीत कुणालाच काही कळलं नाही. मुलगी दोन वाडगे सूप प्यायली, मटारांबद्दल माफी मागितली आणि गेली.

दार लागल्यावर वन्सं खुर्चीत बसल्या. "एक, सात, बावीस," त्या म्हणाल्या. "सव्वीस वेळा ओतलं मी. माझ्या ह्या हातांनी मोरीत. आणि वर गढूळ घालून सारखं केलं."

हे आधी गोंधळले, मग समजलं तशा मिशा खाली आल्या. "ताई," ते म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. संशोधकांच्या बाटल्यांना हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. कळलं तर त्याच दिवशी घरी पाठवतील. आत्ता नको."

"मग कधी?"

"निवृत्त झाल्यावर सांग. पत्र लिही तिला."

"दोन वर्षांनी? तोवर ती कुठे असेल रे बारक्या?"

"मशीन दुसऱ्याकडे गेलंय. बोलून बाटल्या परत भरणार आहेत का? बघू. आत्ता नको."

सोमवारी वन्सं कामावर गेल्या, आल्या, बोलल्या नाहीत. मंगळवारी दुधाचे पेले भरले आणि तीन पेल्यांत तीन वेगवेगळ्या रेषा. बुधवारी तोंड उघडलं की हे समोर. जिन्यात, जेवताना, चप्पल घालताना: "ताई, आत्ता नको." मी देवाजवळ बसले, पण आता मागायचं काय हेच कळेना. वन्संची नोकरी राहू दे म्हणावं तर त्या पोरीचं काय, आणि पोरीला वाचव म्हणावं तर वन्संचं काय. शेवटी म्हटलं, देवा, तुला जे सारखं वाटेल ते कर.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता वन्सं संस्थेतून घरी आल्या, पांढरा डगला अंगात तसाच. "चल," मला म्हणाल्या. "वही घे."

"कुठली?"

"ज्यात तू मला नावं ठेवतेस ती."

मी वही घेतली. एकतीस वर्षांत वन्सं भर दुपारी जागा सोडून कधी आल्या नव्हत्या, तेव्हा विचारायची सोय नव्हती. संस्थेच्या दारातून लिफ्टपाशी गेलो. लिफ्टमध्ये हे, टोपी घालून. बहिणीकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. आम्ही आत शिरलो. परीक्षकांची बैठक तिसऱ्या मजल्यावर. दुसरा मजला गेला आणि ह्यांनी बटण दाबलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

"बारक्या, चालू कर."

"आत्ता नको, ताई."

"बैठक तीनला आहे."

"सव्वातीनपर्यंत सही होईल. मग चालू करतो. तुझ्या भल्यासाठी आहे."

लिफ्टमध्ये पंखा बंद, आम्ही तिघं, आणि वन्संचं नाक लाल व्हायला लागलं. ती खूण मला ठाऊक होती. एकदाच बघितली होती, छत्रीच्या दिवशी.

आणि वन्सं सुटल्या. "लहानपणी फुलदाणी तू फोडलीस, मी बोलायला गेले, आत्ता नको. शाळेत मला पुढे शिकायचं होतं, वडिलांना सांगायला गेले, आत्ता नको. हिचा चहा पाणचट आहे हे सहा वर्षं आत्ता नको. माझ्या आयुष्यात बोलायची वेळ आली की तू नाकाखाली दोन झुपके घेऊन मध्ये उभा. त्या पोरीने माझ्यासमोर नाक शिंकरलंय. मी तिचं तीन महिन्यांचं काम मोरीत ओतलंय आणि तू मला डब्यात कोंडतोस?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मग हळूच म्हणाले, "फुलदाणी मी फोडली हे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"पंचेचाळीस वर्षं मी..." असं म्हणून ह्यांनी टोपी काढली, बटण दाबलं आणि लिफ्ट सुरू झाली. आणि मग माणूस बोलायचा थांबेना. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ह्यांचं फुलदाणीवरून कुठल्याशा हरवलेल्या सायकलवर आलं होतं आणि आमच्या पुढे धावत जाऊन बैठकीचं दार ह्यांनीच ढकललं.

आत लांब टेबल. मोठ्या बाई, शेजारी एक चष्मेवाले परीक्षक आणि एक सारखे खोकणारे परीक्षक. टोकाला मुलगी, वेणी पुढे घेऊन. खोकणाऱ्यांच्या हातात पेन होतं.

"सही करू नका," हे म्हणाले. "बाटल्या हिने ओतल्या. आणि फुलदाणी मी फोडली."

"लिफ्ट कोण बघतंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बारक्या, बस," वन्सं म्हणाल्या, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. साडेसातला येणं, नुसतं सूप वाटणं, पोरीने विसरलं असं समजून ओतणं, शेजारून घालून सारखं करणं. मुलीने विचारलं, "मावशी, कोणत्या बाटल्या?"

"हिने लिहिलंय."

चष्मेवाल्यांनी हात पुढे केला. माझी वही, माझ्या प्रार्थना, आणि त्यांनी ती उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मंगळवार. एक, सात, बावीस. मुलगी परत विसरली. देवा, तिला स्मरणशक्ती दे. बटाटे करपले. ह्यांनी विचारलं, हा नवा प्रकार का. शुक्रवार. एक, सात, बावीस. वन्संनी सूप जास्त शिजवलं, तार धरली. वन्सं छत्रीच्या दिवशी म्हणाल्या होत्या, मी घोरते. मी घोरत नाही. मंगळवार. एक, सात, बावीस. ह्यांनी मिशीला काळा रंग लावला, उशीला लागला."

"पुढचं वाचायची गरज नाही," हे म्हणाले.

"गरज आहे," खोकणारे परीक्षक म्हणाले, आणि त्यांचा खोकला थांबला होता. त्यांनी पेन खाली ठेवून वही आपल्याकडे ओढली आणि पान उलटत बोट फिरवत गेले. "सव्वीस वेळा. दर वेळी त्याच तीन. आणि एक नंबर हा न बदललेला?"

"हो," मुलगी म्हणाली. "आणि तार धरली होती. मावशी, ते सूप जास्त शिजलेलं नव्हतं. ते फुटलेले जंतू होते."

"म्हणजे माझं सूप बरोबर होतं?" वन्संनी विचारलं. इतक्या सगळ्यात त्यांना तेच महत्त्वाचं वाटलं.

चष्मेवाले म्हणाले, "हा पुरावा धरता येणार नाही. उशीच्या रंगासकट तर नाहीच. पण मशीन एकदा परत द्यायला हरकत नसावी." मोठ्या बाई वन्संकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुमचं मंगळवारनंतर बघू. आणि कुणीतरी लिफ्टमध्ये जा."

मंगळवारी पहाटे सहाला मोठ्या बाईंनी स्वतः इमारत उघडायला लावली. वन्संना एका स्टुलावर बसवलं आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवले. मी देवाचं नाव घेत मागे उभी. ऊब सुरू झाली. तीस बाटल्या गढूळ, हलताहेत. पंधरा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं काही नाही. बावीस मिनिटं झाली आणि सात नंबर, ताकासारखी दिसणारी, आमच्या डोळ्यांदेखत पातळ होत गेली आणि बघता बघता तिच्यातून पलीकडची मोठ्या बाईंची साडी दिसायला लागली. पन्नासाव्या मिनिटाला एक नंबर. बावीस नंबरने सव्वा तास लावला, आणि तोवर वन्संचे हात दोनदा बाहेर आले होते, दोन्ही वेळा मीच परत दाबले.

"एक मणी बदलला तर घड्याळच बदललं," मुलगी म्हणत होती, रडत होती आणि लिहीत होती, सगळं एकदम.

वन्सं एकटक सात नंबरकडे बघत होत्या. "इतकं छान निवळतं," त्या म्हणाल्या, "आणि मी कधी बघितलंच नाही."

मुलीला वर्षभराने पदवी मिळाली. वन्संची नोकरी राहिली, पण संस्थेकडून एक लेखी समज आली. त्यात लिहिलं होतं, "संबंधित कर्मचाऱ्याने बाटल्यांतील द्रव परस्पर सारखा करू नये." वन्संनी ती स्वयंपाकघरात, कपांच्या फळीवर चिकटवली. शिक्का आहे म्हणून, म्हणाल्या. त्या आता मोरीवर नव्या माणसांना स्वतःच सांगतात, निवळ दिसलं तरी विचारल्याशिवाय ओतायचं नाही. हे लिफ्टमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला फुलदाणीची गोष्ट सांगतात. लोक हल्ली जिन्याने जातात.

परवा मुलगी पेढ्यांऐवजी केक घेऊन भेटायला आली. मी चहा केला. तिच्या कपात जरा कमी पडला. मी चमचे शोधत होते तेवढ्यात वन्संचा हात माझ्या कपाकडे गेला. मी न बोलता फळीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

वन्संनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, शिक्क्यापर्यंत.

"ह्यात बाटल्या म्हटलंय," त्या म्हणाल्या आणि माझा चहा तिच्या कपात ओतला. "कप कुठे म्हटलंय?"